घराची किंमत कशी ठरते?

घराची किंमत म्हणजे विटा, लाकूड व मजुरी यांची बेरीज, असा सर्वसाधारण समज आहे. मूल्यमापक मात्र तीन गोष्टी पाहतो : शेजारची तशीच घरे कितीला विकली गेली, जमीन आणि घसारा वजा जाता बांधकाम मिळून किती होतात, व भाडे किती येते.

भाडेकरूंनी भरलेला पुण्यातील जुना वाडा घ्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. निव्वळ वार्षिक भाडे १२,००० रुपये व परतावा ८ टक्के धरल्यास मालकाच्या हक्काचे मूल्य दीड लाख. वाडा रिकामा असता तर कितीतरी पट! मधला फरक भाडेकरूच्या वहिवाटीत असतो. पागडी ही त्याचीच किंमत. तात्पर्य, मूल्य केवळ भिंतींचे नसते, हक्कांचे असते.