पाळी गेल्यानंतरचं चालणं

सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा बायकांच्या गटात स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. माझं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात. वाचून, डॉक्टरांना विचारून आणि रोज चालून जे उमगलं, ते मोकळ्या आवाजात सांगते.

१. पाळी जाते, इस्ट्रोजेन जात नाही.
“सुटले बाई एकदाची,” असं आपण म्हणतो. बीजकोशांचं काम जवळपास थांबतं हे खरं. पण मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी काही संप्रेरकं सोडतच राहतात, आणि चरबीतलं अरोमॅटेज नावाचं विकर त्यांचं इस्ट्रोजेन करतं. या वयात इस्ट्रोजेनचा मोठा पुरवठा चरबीतूनच होतो आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी याच संप्रेरकावर पोसतात. म्हणून पाळी गेल्यावर वाढलेलं वजन हा या कर्करोगाचा एक ठळक धोका मानला जातो. पोटाचा घेर वाढला की आपण ब्लाउज उसवतो आणि पुढे जातो. तेवढ्यावर सोडून देण्याची ही गोष्ट नाही.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात पाळी गेलेल्या, व्यायाम न करणाऱ्या ३२० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एका गटाला वर्षभर, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास व्यायाम दिला. वर्षाअखेरीस त्या गटाच्या रक्तातलं इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचंच एक रूप, दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं होतं. व्यायामाचा परिणाम रक्तात मोजता येतो, हे वाचल्यावर माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईचं समाधान झालं.

२. जुना व्यायाम फार काळ पुरत नाही.
मला सगळ्यात जास्त हलवलं ते फ्रान्समधल्या ‘ई३एन’ या अभ्यासाने. तो १९९० मध्ये सुरू झाला, आणि त्यातल्या बहुतेक स्त्रिया शिक्षिका, म्हणजे आमच्याच पेशातल्या. त्यांपैकी पाळी गेलेल्या ५९,३०८ जणींची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. मागच्या चार वर्षांत आठवड्याला किमान चार तास चालण्याइतका व्यायाम ज्यांनी केला, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका १० टक्क्यांनी कमी आढळला. पण त्याआधीच्या काळात, म्हणजे पाच ते नऊ वर्षांपूर्वी, भरपूर हालचाल करून नंतर ती कमी केलेल्यांना हा फायदा दिसला नाही.

निवृत्तीनंतर नेमकं हेच घडतं. बस गाठायची नसते, वर्गासाठी जिने चढायचे नसतात, मैदानावर उभं राहायचं नसतं. “आयुष्यभर पायपीट केली, आता बसू द्या,” असं मैत्रिणी म्हणतात तेव्हा त्यांचा थकवा मला कळतो. तरी मी त्यांना ओढून बाहेर काढते.

३. “आता या वयात काय?” याचंही उत्तर त्याच फ्रेंच अभ्यासात आहे.
पूर्वी व्यायाम केला होता की नाही, यावर तो फायदा अवलंबून नव्हता. सडपातळ बाई असो की अंगाने भरलेली, दोघींनाही तो दिसला. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्या मैत्रिणीला मी आवर्जून हे सांगते.

४. घरकामाने दमणं वेगळं, व्यायामाने दम लागणं वेगळं.
दिवसभर ओट्याशी उभं राहून पाय भरून येतात, पण श्वास वाढत नाही. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशी हालचाल सुचवते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पाळी गेलेल्या आणि चालण्याखेरीज दुसरा व्यायाम नसलेल्या स्त्रियांकडे वेगळं पाहिलं. आठवड्याला सात तास किंवा जास्त चालणाऱ्यांचा धोका तीन तास किंवा कमी चालणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी होता. दिवसाचा एक तास झाला हा. तो आपल्या नावाचा तास आहे, असं घरात ठणकावून सांगावं लागतं. मी सांगितलं.

५. चालणाऱ्या बाईलाही गाठ होते.
माझ्या वहिनी रोज फिरायच्या, खाणं मोजकं, अंगाने बारीक. साठीत त्यांना निदान झालं. भेटायला आलेल्यांपैकी कुणी म्हणालं, “मग एवढं चालून काय मिळवलं?” कुणी त्यांच्या स्वभावात कारण शोधलं. मला अतोनात राग आला. फ्रेंच अभ्यासातल्या त्या १० टक्क्यांचा अर्थ असा, की जिथे शंभर जणींना हा आजार झाला असता तिथे नव्वद जणींना होतो. त्या नव्वदांतल्या कुणाचीही चूक नसते. वय आणि आनुवंशिकता कुणाच्या हातात आहे? आजारी बाईला तिच्या आजाराचा जाब विचारणं आपण थांबवायला हवं.

आणि म्हणूनच, चालतो म्हणून तपासणी टाळू नये. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. लागली ती सराव असलेली बोटं आणि दार उघडणारी बाई. वहिनींची गाठ लवकर सापडली, तीही अशाच तपासणीत. उपचार चालू असताना डॉक्टरांनी त्यांना झेपेल तेवढं चालायला सांगितलं, आणि त्याने थकवा हलका झाल्याचं त्या स्वतः सांगतात.

६. पावसाळा आणि गुडघे.
आमचा गट फुटतो तो या दोन कारणांनी. पावसात आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो, हात न टेकता खुर्चीतून उठबस करतो. गुडघे दुखणाऱ्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारून सायकल धरावी, घरातली स्थिर सायकलही चालेल. त्या फ्रेंच अभ्यासात दोन तास सायकल ही चार तास चालण्याच्या बरोबरीची धरली होती.