चट्टा दिसला? अंगणातच करा ही तपासणी

कुष्ठरोगाचा चट्टा सहसा दुखत नाही, खाजतही नाही. त्यामुळे रोवणी होते, धान कापून होतो, तेंदूपत्त्याचा हंगामही सरतो, तरी माणूस दवाखान्यात जात नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आजही नवे रुग्ण सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत हा रोग धरला आहे. 30 जानेवारीपासून ‘स्पर्श’ जनजागृती अभियान असते. पण तपासणीसाठी तोवर थांबू नका.

काय लागेल : दिवसाचा उजेड, बॉलपेन आणि तपासायला घरचे माणूस. बाईला बाईनेच तपासावे.

कृती

1. डोक्यापासून तळपायापर्यंत अंग पाहा. पाठ, कुल्ले, मांडीची मागची बाजू विसरू नका. तिथला चट्टा ज्याचा त्याला दिसत नाही.

2. फिकट किंवा लालसर चट्टा, कानाच्या पाळीवर गाठी, विरळ झालेल्या भुवया, तेलकट चकाकणारी जाड कातडी शोधा.

3. पेनाचे टोक आधी चांगल्या कातडीवर हलकेच टेकवा. कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. मग डोळे मिटायला लावून चांगल्या जागी आणि चट्ट्यावर आलटून पालटून टेकवा. पेन ओढू नका. सुई किंवा चटका तर नकोच.

4. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, वाकडी झालेली बोटे, पूर्ण न मिटणारा डोळा, पायातून नकळत निसटणारी चप्पल यांचीही नोंद घ्या.

5. यातले काहीही आढळले, तर आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. चट्ट्यावर स्पर्श कळत असला तरी दाखवा. निदान डॉक्टरच करतील.

6. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्याव्या लागतात. लघवी लालसर झाली म्हणून घाबरू नका. मात्र चट्टे एकाएकी सुजले, नस दुखू लागली, हातापायातली ताकद गेली किंवा डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या मनाने बंद करू नका.

7. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या. रोगाची लक्षणे नसलेल्या पात्र व्यक्तींना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनची एक मात्रा देतात. रुग्णाचे ताट, अंथरूण वेगळे करू नका. उपचार सुरू झाले की त्याच्यापासून लागण होणे लवकरच थांबते.