त्या जागेच्या वाटेला कमी जावं

गुडघे, साखर आणि ॲसिडिटी यांवर आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही चर्चा होते. शौचानंतरची आग, खाज नि ठणका मात्र ज्याचा त्याने मुकाट सोसायचा. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात शिकवत असताना मी फिशर अंगावर काढत तास घेतले. त्या काळात जे कळलं त्याचं सार थोडक्यात सांगते: ही जागा आपण जितकी कमी छेडू, तितकी ती लवकर बरी होते. पुढचे बोल हा त्याचाच विस्तार.

१. कुठे दुखतं यापेक्षा कधी दुखतं ते पाहावं.
डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न हाच केला. शौचाच्या वेळी काचेनं कापल्यासारखं व्हायचं आणि मग तास-दोन तास ठणकत राहायचं. तेवढ्यावरून त्यांना अंदाज आला. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. ती पडली की आतला स्नायू आवळून बसतो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि चीर भरून येत नाही. नंतरचा ठणका असतो तो या आवळलेल्या स्नायूचा. आपण या भागातल्या कुठल्याही दुखण्याला सरसकट मूळव्याध म्हणून मोकळे होतो. आतल्या मुळव्याधीत रक्त पडतं, पण बहुधा दुखत नाही, कारण गुदमार्गाच्या त्या वरच्या भागात कातडीसारख्या दुखऱ्या नसा नसतात. फक्त रात्री खाज सुटत असेल आणि घरात लहान मूल असेल, तर जंतांचा संशय घ्यावा. सुतासारख्या जंतांची मादी रात्रीच बाहेर येऊन अंडी घालते. औषध मग घरातल्या सगळ्यांनाच लागतं. सूज, ताप आणि सतत ठसठस असेल तर आत गळू झालेलं असू शकतं. त्यात घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

२. साबण लावू नये.
निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५.५. आंघोळीच्या बहुतेक साबणांचा ९ ते १०. रोज साबण चोळला की कातडीवरचा तेलकट थर निघून जातो, ती कोरडी पडते आणि खाजते. खाज सुटली की माणसाला वाटतं, अजून अस्वच्छ आहे. तो आणखी घासतो. हे चक्र मोडायला साधं पाणी पुरतं. साबण हातांसाठी ठेवावा, तिथे तो भरपूर वापरावा.

३. पाणी ओतावं, मारू नये.
जेट स्प्रेची धार चीर पडलेल्या कातडीवर जोरात बसली तर ती आणखी दुखावते. नळ थोडासाच सोडावा. तांब्याने पाणी घेणारे या बाबतीत सुखी आहेत.

४. कोरडं केल्याशिवाय स्वच्छता पुरी होत नाही.
धुण्याचा आपल्याला अभिमान, पण टिपायचं आपल्याला कोणी शिकवत नाही. ओल राहिली की कातडी नरम पडते, घासली जाते, बुरशीलाही आयतं घर मिळतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर कपडेच वाळत नाहीत. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे मऊ तुकडे रोज धुऊन, उन्हात वाळवून वापरावेत. पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. आतले कपडे सुती आणि सैल हवेत. प्रवासात अनेक जणी ओले वाइप्स वापरतात. त्यांचा सुवास आणि टिकाऊपणासाठी घातलेली रसायनं काहींना सोसत नाहीत. मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाच्या अशाच एका रसायनाला अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१३ साली ‘त्या वर्षीचा ॲलर्जीकारक पदार्थ’ ठरवलं होतं. पर्समध्ये पाण्याची छोटी बाटली आणि सुती रुमाल असला की भागतं.

५. कितीही धुतलं तरी स्वच्छ वाटत नसेल, तर मूळ शौचात आहे.
मळ चिकट, अर्धवट सैल असेल तर थोडासा मागे राहतो आणि नंतर हळूच बाहेर झिरपतो. त्याचीच आग होते. अशा वेळी दहादा धुऊन उपयोग नाही, मळाला आकार यायला हवा. ते काम चोथ्याचं. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथी, सालासकट पेरू एवढं रोजच्या ताटात असलं की बरीच मजल गाठता येते. कमी पडेल तिथे इसबगोल. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे खडा झालेला मळ मऊ होतो आणि पातळ मळ बांधला जातो. पण घेताना मोठा पेलाभर पाणी हवंच, आणि मात्रा हळूहळू वाढवावी. एकदम वाढवली की पोट फुगतं आणि बिचाऱ्या इसबगोलाला शिव्या बसतात.

६. हाक आली की उठावं.
हे सांगणं सोपं आहे. आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह एकच, त्यातही पाण्याचा भरवसा नाही. मग सकाळी आलेली हाक संध्याकाळपर्यंत थोपवायची, पाणी कमी प्यायचं, असं बहुतेक जणी करत. थोपवलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि दुसऱ्या दिवशी तो खडा होऊन चीर पाडतो. म्हणून सकाळची वेळ जपावी. पोटात काही गेलं की आतडं हलायला लागतं, तेव्हा चहा-नाश्त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं घरकामातून सोडवून घ्यावीत. घरातल्या इतरांनी डबे भरावेत.

७. बसावं थोडा वेळ, कुंथू नये.
कमोडवर पायांखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्यावं. गुडघे वर आले की गुदमार्गाला वळण देणारा स्नायू सैलावतो आणि वाट सरळ होते. भारतीय संडासात हे आपोआप होतं. मोबाइल बाहेर ठेवावा. पाच मिनिटांत झालं नाही तर उठावं, पुन्हा हाक येईल तेव्हा जावं. बसून राहिल्याने तिथल्या शिरांत रक्त साचतं.

८. कोमट पाण्यात बसावं, त्यात काही घालू नये.
शौचानंतर १० ते १५ मिनिटं टबात बसलं की आवळलेला स्नायू सैल होतो आणि ठणका उतरतो. मला सगळ्यात जास्त आराम यानेच पडला. पाणी सोसवेल इतपतच कोमट हवं. जंतुनाशक, तुरटी, हळद यांतलं काहीही नको. झालं की टिपायचं.

९. शेजारणीची ट्यूब लावू नये.
दुकानात मागितल्यावर मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस गार वाटतं, पण जास्त काळ लावलं की कातडी पातळ होते. फिशरसाठी स्नायू सैल करणारी वेगळी मलमं आहेत, ती डॉक्टरांनी सांगितल्या मात्रेतच लावावीत. त्यांतल्या नायट्रोग्लिसरीनने डोकं चांगलंच दुखू शकतं. स्वतःच्या मनाने लावायचंच असेल, तर साध्या व्हॅसलिनचा पातळ थर पुरे.

१०. ठेच्याला रजा द्यावी.
मिरचीतलं कॅप्सेसिन पूर्ण पचत नाही, आणि तोंडात झणझणीतपणा जाणवून देणारे तेच संवेदक शेवटच्या टोकालाही असतात. हा संवेदक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. चीर भरेपर्यंत मिसळ कटाशिवाय खावी. हे कोल्हापुरात बोलायला धाडस लागतं, तरी सांगते.

११. रक्त दिसलं की मात्र हात आखडता घेऊ नये.
इतका वेळ कमी करा, कमी करा म्हणाले, इथे उलट. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त पडलं, शौचाची सवय अचानक बदलली, वजन उतरलं, मळ डांबरासारखा काळा झाला किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असला, तर मूळव्याध धरून बसू नये; दुर्बिणीने तपासून घ्यावं. रस्त्यारस्त्यावर ‘विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ असे फलक असतात, तिथे सही कोणाची नि पदवी कुठली ते विचारावं. डॉक्टरांना चार गोष्टी नीट सांगाव्यात: दुखणं कधी सुरू होतं, किती वेळ टिकतं, रक्ताचा रंग कोणता आणि घरी काय काय लावून झालं. बाईमाणसाला संकोच वाटत असेल तर महिला सर्जन शोधावी, नाहीतर सोबत कोणाला तरी न्यावं. तपासणी कुशीवर झोपवून करतात आणि ती लवकर उरकते. फार दुखत असेल तर आधीच सांगावं. ताज्या चिरेत डॉक्टर बहुधा नुसतं पाहूनच निदान करतात. आणि न तपासताच कोणी ‘मूळव्याध आहे’ म्हणून चिठ्ठी लिहायला घेतली, तर ती चिठ्ठी न घेता उठावं.