टेरियर कुत्रा व शेतांतील उंदीर

राखणीसाठीं कुत्रा पाळतांना शेतकरी त्याचा रंग, उंची व मोल पाहतात. काम क्वचितच पाहतात. माळशिरस तालुक्यांत नीरा उजव्या कालव्याखालीं ऊस पिकतो, आणि ऊस तेथें उंदीर व घुशी ठरलेल्याच. महसुली नोकरींत पीकपाहणीस हिंडतांना बुडाशीं कुरतडलेला ऊस आम्हीं पुष्कळ पाहिला. म्हणून उंदीर मारण्यांत नांवाजलेल्या टेरियर कुत्र्याची माहिती येथें देत आहों.

उत्पत्ति :— ‘टेरियर’ हें नांव लॅटिन ‘टेरा’ म्हणजे भूमि या शब्दापासून निघालें. बिळांत शिरून किंवा बीळ उकरून सावज बाहेर काढणारा तो टेरियर. याचें मूळ ब्रिटिश बेटांत आहे. इ. स. १५७० मध्यें लंडन येथें छापलेल्या, कुत्र्यांविषयींच्या एका लॅटिन ग्रंथांत त्याचा उल्लेख आहे. कोंबड्या नेणारा खोकड व धान्य नासणारा उंदीर यांचा बंदोबस्त करण्यासाठीं तेथील लोकांनीं, जो कुत्रा बिळाशीं कचरत नाहीं, त्याचीच वीण वाढविली. कुत्र्यांचीं प्रदर्शनें व नोंदवह्या पुष्कळ मागाहून आल्या.

लक्षणें :— बांधा बहुधा आटोपशीर, जबडा मजबूत, नाक तीक्ष्ण, वृत्ति निर्भय व हट्टी. यास काम नसेल तर तो अंगण उकरतो व भुंकून घर डोक्यावर घेतो. इतर कुत्र्यांशीं त्याचें भांडणही लवकर जुंपतें.

जाती :— पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनीं खोकडाच्या शिकारीसाठीं वाढविलेल्या कुत्र्यांवरून ‘जॅक रसेल’ हें नांव पडलें. स्कॉटलंडांतील केर्न टेरियर दगडांच्या राशींतून सावज काढी. यॉर्कशायरचा टेरियर अवघा ३ किलोंच्या आसपास भरतो. गिरण्यांतील उंदीर मारणारा हा प्राणी पुढें मांडीवरचा झाला. एअरडेल सर्वांत मोठा, उंची सुमारें २३ इंच. १९१४–१८ च्या महायुद्धांत त्यानें निरोप पोंचविले.

आपल्याकडील कुत्रे :— आपला कारवानी व त्याचाच सगोत्र मुधोळ कुत्रा हे टेरियर नव्हेत. ते नजरेनें सावज हेरून धांवणारे आहेत. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं त्या जातीस उत्तेजन दिलें व २००५ सालीं भारताच्या टपाल तिकिटावरही ती झळकली. परंतु उघड्या माळावर शोभणारे हे लांब पाय बांधांतील बिळाशीं उपयोगी पडत नाहींत.

निवड :— तेव्हां उंदरांसाठीं परदेशी पिलूच महाग मोलानें घेतलें पाहिजे असें नाहीं. आपल्या वाडीवर जी गांवठी कुत्री स्वतः होऊन उंदीर धरते, तिचें पिलू निवडावें. टेरियरचा वंश याच रीतीनें घडला. ऊस तुटल्यावर बांधावरील बिळें एका बाजूनें खणावीं व दुसऱ्या तोंडाशीं कुत्रा उभा करावा; निसटणारा उंदीर तो टिपतो.

खबरदारी :— कुत्रा व विष एका शेतांत ठेवूं नयेत. झिंक फॉस्फाइडचें आमिष खाऊन कुत्रा तडकाफडकी दगावतो. ब्रोमाडायोलोन खाऊन मेलेला उंदीर त्यानें खाल्ला, तर कांहीं दिवसांनीं अंगांत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. विष घालणें भागच असेल तर कुत्रा बांधून ठेवावा व मेलेले उंदीर वेंचून पुरावे. उंदरांच्या मुतांतून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यास व माणसासही जडतो. म्हणून त्याची व पिसाळ रोगाची लस पशुवैद्याकडून वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. ससा, कोल्हा, खोकड यांवर कुत्रा सोडूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तो गुन्हा आहे.

उंदीर एकट्या कुत्र्यानें नाहींसे होणार नाहींत. बांध स्वच्छ ठेवणें व शेजारच्या शेतकऱ्यांनीं एकाच वेळीं बिळें खणणें हाच खरा उपाय होय. कुत्रा त्या कामांतला एक चांगला गडी आहे, इतकें जाणून त्याची निवड करावी.