हिरवा ठिपका पुरेसा नाही!

मित्रांनो, मेसची भाजी आवडली नाही की आपण काय करतो? बुटीबोरीच्या दुकानातून चिवड्याची पिशवी आणतो आणि रूमवर फोडतो. मागच्या सेमिस्टरला आम्ही अशीच एक फोडली. दाणा एकही दिसेना, म्हणून फल्लीदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माझ्या रूम पार्टनरनेही मूठभर खाल्ला. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. रेक्टर सरांनी गाडीत घालून दवाखान्यात नेले, वेळेवर इंजेक्शन मिळाले म्हणून वाचला. पिशवीवर हिरवा ठिपका होता. बाकी सगळी कोरी!

हिरवा ठिपका एवढेच सांगतो, की पदार्थ शाकाहारी आहे. दाणे, दूध, गहू, सोयाबीन हे सगळे शाकाहारीच. पण एखाद्याचे शरीर त्यातल्या प्रथिनालाच शत्रू समजते. मग हिस्टामिन सुटते, सूज येते, रक्तदाब कोसळतो. याला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात. त्यावर पहिले औषध अ‍ॅड्रिनॅलिन.

आपल्याकडे 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट, हे पाकिटावर वेगळे सांगावे लागते. दुसऱ्या मालाचा अंश मिसळण्याची शक्यता असेल, तर 'असू शकते' असे लिहायचे. तीळ मात्र या यादीत नाही. अमेरिकेत तो 2023 पासून सक्तीचा झाला. म्हणून घटकांची यादी पूर्ण वाचावी.

नंतर आम्ही त्या दुकानात गेलो. काकांनी मोठे पाकीट काढून दाखवले. त्यावर कारखान्याने 'शेंगदाणा' स्पष्ट छापला होता! छोट्या पिशव्या भरताना ती माहिती दुकानातच राहिली, आमच्यापर्यंत फक्त चिवडा आला.

"आम्ही फक्त विकतो," असे म्हणून दुकानदाराची सुटका नाही. अन्नसुरक्षा कायदा 2006, कलम 27 प्रमाणे चुकीच्या लेबलचा किंवा उत्पादकाचा पत्ता न लागणारा माल विकणाराही जबाबदार धरला जातो. कलम 52 मध्ये चुकीच्या लेबलसाठी 3 लाखांपर्यंत दंड आहे.

आम्ही भांडलो नाही. मूळ लेबलची झेरॉक्स प्रत्येक पिशवीला लावा, एवढेच म्हणालो. काका आता लावतात. तुम्हीही सुट्ट्या पिशवीचे मूळ पाकीट दाखवायला सांगा. आणि कोणाला अ‍ॅलर्जी असेल, तर लाजू नका, रूम पार्टनरला, मेसवाल्या दादांना आणि रेक्टर सरांना आजच सांगून ठेवा.