स्पर्शाचा आधार

परीक्षा जवळ आली की खांदे आखडतात, झोप उडते. अशा वेळी मायेचा स्पर्श बरा वाटतो. पण सगळे स्पर्श सारखे नसतात. चला, तुलना करूया.

डोक्याला तेल : आजी कोमट खोबरेल तेल लावून हळूहळू डोकं चोळते. त्वचेतले काही मज्जातंतू अशा सावकाश, हलक्या स्पर्शाला जास्त प्रतिसाद देतात.

काशाची वाटी : तळपायाला तूप लावून त्यावर वाटी गोल गोल फिरवतात. महाराष्ट्रातला हा जुना घरगुती उपाय.

शियात्सू : ही जपानी पद्धत. इथे तेल नाही. कपड्यांवरूनच अंगठ्याने दाब देतात. त्यासाठी शिकलेला माणूस लागतो.

हात धरणे : 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसू शकतो, असं सांगितलं होतं. नवऱ्याचा हात धरल्यावर त्यांच्या मेंदूतली भीतीची हालचाल कमी झाली. अनोळखी हाताने तेवढी झाली नाही.

म्हणजे स्पर्श कोणाचा, हेही महत्त्वाचं! म्हणून मैत्रीण रडत असेल, तर आधी विचारा, "हात धरू का?" तुम्हाला नको असेल, तर आजीलाही "आत्ता नको गं" म्हणता येतं. आणि मन बरेच दिवस उदास राहिलं, तर मालिश पुरत नाही. मोठ्यांशी, डॉक्टरांशी बोला.

शब्दार्थ : आखडणे – ताठ होणे; कासे – तांबे व कथिल यांचा मिश्रधातू

सांगा पाहू : तुम्हाला कोणाचा हात धरला की धीर येतो?