टर्बो बदलण्यापूर्वी तेलाची परतीची नळी पाहा

बिद्री येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की आसपासच्या गॅरेजांत उसाच्या ट्रकांची कामे वाढतात. गाडी निळा धूर टाकते, हवेच्या पाइपात तेल दिसते, अशी तक्रार आली की आपले मिस्त्री बांधव अनेकदा थेट टर्बोच बदलतात. परतीची नळी तीच राहते. मग नवा टर्बोही तेल टाकू लागतो. गाडीमालकाचे हजारो रुपये जातात आणि ज्याने गाडी अमानत म्हणून सोपवली, त्याच्यापुढे मान खाली घालावी लागते.

टर्बोत तेल बारीक नळीने, दाबाने येते. बेअरिंगमधून बाहेर पडताना तो दाब उरत नाही. फेसाळलेले तेल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरते. म्हणून परतीची नळी जाड हवी, सतत उताराची हवी आणि तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. मध्ये झोळ पडला की तेल तुंबते व सीलमधून बाहेर पडते. ब्रीदर तुंबला तरी परिणाम तोच. पॅकिंगला सिलिकॉन फासू नये, त्याचा तुकडा सुटून वाट अडवतो. पाण्याचा हौजपाइप तर नकोच, गरम तेलाने तो फुगतो.

मुळात टर्बो नसलेल्या कारला तो बसवताना चेंबरला भोक पाडावे लागते. ते काम आम्ही चेंबर खाली उतरवूनच करायला सांगतो. लोखंडाचा कीस तेलात गेला तर टर्बोबरोबर इंजिनही जाते.